हेड नंबर दोन बंद

हा भाग ज्यांनी ऐकला त्यांना सुरुवातीला सात-आठ सेकंद फक्त एक आवाज ऐकू आला असेल. थोडा वेळ बारीक घरघर, मग टक्. परत घरघर, परत टक्. इथं वाचणाऱ्यांना तो ऐकू येणार नाही म्हणून सांगतो, तो घड्याळाचा आवाज नाही. माझ्या मामाच्या फोटो स्टुडिओतल्या हार्ड डिस्कचा आहे. केजमध्ये, मे महिन्यात, रात्री साडेअकराला मी तो फोनवर रेकॉर्ड केला. का केला माहीत नाही. बहुतेक मित्रांच्या ग्रुपवर टाकून मजा करायची होती. त्याच रात्री मी एक चूक केली, ती पुढं येईलच.

मामाचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय पंधराचं दुकान. पुढं काउंटर, मागं निळा पडदा, आणि कोपऱ्यात एक पीसी. त्या पीसीत २ टीबीची एक डिस्क, आणि डिस्कवर नऊ वर्षांची लग्नं. बॅकअप होता का, असं विचाराल तर होता. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर. हसू नका, मी पुण्यात असे प्रोजेक्ट बघितलेत ज्यांचा बॅकअप याहून फार वेगळा नव्हता.

आमच्या बीड जिल्ह्यात लग्नांचा हंगाम ऊसतोडीला बांधलेला असतो. दिवाळीच्या आगंमागं टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात, आणि मग मे महिन्यात एकेका दिवशी तीन-तीन लग्नं. मामा उन्हात एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळतो. त्या दिवशी दुकानात वस्तीवरची एक ताई आली होती. सहा वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचे फोटो मामानंच काढले होते. आदल्या हंगामात तिचा नवरा कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. वर्षश्राद्धाला लावायला तिला एक मोठा फोटो हवा होता. अल्बम पावसात भिजला होता, फोन नवऱ्याबरोबरच गेला होता. मामा म्हणाला, "हाय की माझ्याकडं, आत्ता काढून देतो." त्यानं फोल्डर उघडायला घेतलं आणि ते उघडेना. घरघर, टक्.

आणि मग घरातला इंजिनियर म्हणून मला फोन आला.

आता गोष्ट इथंच थांबवून थोडं मागं जाऊ. सत्तर वर्षं मागं. कारण त्या टक् आवाजाचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. बीटेक केलं, पाच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी झाली, रोज टेराबाइटमध्ये बोलतो, पण डिस्कच्या आत नेमकं कोण काय वाचतं हे मी कधी बघितलंच नव्हतं.

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमनं रॅमॅक नावाचं यंत्र जाहीर केलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली ते तयार झालं होतं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या. म्हणजे वाचायला १०० पृष्ठभाग. एवढ्या पसाऱ्यात मावायची ५० लाख अक्षरं. महिन्याचं भाडं ३,२०० डॉलर. त्याच सुमारास आपल्याकडं मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक आकाराला येत होता. १९६० साली तो सुरू झाला तेव्हा त्याची फेराइट कोअरची स्मृती होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळा मिळून १० केबी. तर त्या काळात ५० लाख अक्षरं म्हणजे काय चीज असेल, विचार करा.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. रॅमॅकच्या १०० पृष्ठभागांसाठी हात एकच होता. त्या हाताच्या टोकाला दोन हेड, एक तबकडीच्या वरच्या बाजूसाठी, एक खालच्या. हात आधी लिफ्टसारखा वर-खाली जायचा, हवी ती तबकडी गाठायचा आणि मग आत शिरायचा. वाचनालयात एकच शिपाई असावा आणि त्यानंच शिडी घेऊन सगळ्या कपाटांवर चढावं, तसं. तो आजारी पडला की वाचनालय बंद. एक हेड बंद करून बाकीच्यांवर भागवायचं, हा प्रश्नच तिथं उद्भवत नाही.

तो उद्भवला १९६१ च्या आयबीएम १३०१ पासून. त्यात प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःचं हेड आलं. सगळी हेड एकाच फणीला लावलेली, फणी सरकली की सगळी एकदम सरकणार. दुसरं म्हणजे ही हेड तबकडीच्या फिरण्यानं तयार होणाऱ्या हवेच्या थरावर आपोआप तरंगत होती. रॅमॅकमध्ये त्यासाठी बाहेरून दाबाची हवा सोडावी लागायची. आज आपण जी हार्ड डिस्क विकत घेतो तिचा सांगाडा हाच आहे. फणी तीच, तरंगणं तेच. बदललं ते अंतर. आजच्या साडेतीन इंची डिस्कची कड मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या वेगानं फिरताना ताशी १३० किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे आमच्या केज-अंबाजोगाई एसटीच्या दुपटीहून जास्त. आणि हेड तिच्यावरून काही नॅनोमीटरच्या उंचीवरून जातं. केसाची जाडी साधारण ७० हजार नॅनोमीटर असते. धुळीच्या कणाचं काय होत असेल ते सांगायला नको.

१९६२ मध्ये १३११ आली, आणि तिच्यात तबकड्यांचा गठ्ठा काढून दुसऱ्या यंत्रात घालता यायला लागला. डिस्क पॅक. केकचं झाकण असतं तसं झाकण, वर कडी. फारच सोयीचं. पण त्यातून एक भयंकर प्रकार सुरू झाला. एखाद्या यंत्रात हेड तबकडीवर आपटायचं. ऑपरेटरला वाटायचं, यंत्र बिघडलं. म्हणून तो तोच ओरखडलेला पॅक उचलून शेजारच्या यंत्रात घालायचा. ओरखड्यावरून जाताना तिथलं चांगलं हेडही खराब व्हायचं. मग तो म्हणायचा, पॅकच खराब दिसतोय, या पहिल्या यंत्रात दुसरा पॅक घालून बघू. आणि पहिल्या यंत्राचं मोडकं हेड नव्या पॅकला ओरखडा पाडायचं. चांगल्या हेतूनं, एक-एक करून, सगळी खोली बाद. माझ्या गोष्टीत पुढं जे होतं ते वाचताना हा ऑपरेटर लक्षात ठेवा.

घरगुती कॉम्प्युटरच्या जमान्यात आलो की हेड माणसाच्या हाताला लागायला लागतं. कॉलेजात आमच्या लॅबच्या भंगाराच्या कपाटात मला सीगेटची एसटी-२२५ सापडली होती. २० एमबीची, विटेएवढी. तिच्या पाठीवर कागद चिकटवलेला आणि त्यावर खराब जागांची यादी छापलेली: अमुक सिलिंडर, तमुक हेड. म्हणजे कारखान्यातून निघतानाच बाई सांगतात, माझ्यात हे हे दोष आहेत, बघून घ्या. हल्लीच्या डिस्कमध्येही कारखान्यातूनच खराब जागा असतात, फक्त ती यादी आता आत लपवलेली असते. मला जुना कागदी प्रामाणिकपणा जास्त आवडला.

त्या डिस्कला ६१५ सिलिंडर, ४ हेड, प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर. ५१२ बाइटनं गुणलं की २ कोटी १४ लाख बाइट. आणि कोणतं हेड वाचायचं हे डिस्क ठरवत नव्हती, बाहेरचं कंट्रोलर कार्ड ठरवायचं. केबलमध्ये हेड निवडायच्या वेगळ्या तारा असायच्या. कार्डाला आपण सांगायचं की हिला ४ हेड आहेत. आता गंमत बघा. समजा शेवटचं, म्हणजे ३ नंबरचं हेड गेलं (मोजणी शून्यापासून). तर कार्डाला सांगायचं, हिला तीनच हेड आहेत. नव्यानं फॉरमॅट मारायचं, की १६ एमबीची डिस्क तयार. खराब हेड बंद करायचा याहून सोपा मार्ग नंतर कधी झाला नाही. अट एकच, जाणारं हेड शेवटचंच पाहिजे. मधलं गेलं तर आकडा कमी करून भागत नाही. ही अट मामाच्या डिस्कनं पाळली नाही.

एसटी-२२५ ला बंद करण्याआधी हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवायला पार्क नावाची आज्ञा द्यावी लागायची. नंतरच्या डिस्क ते स्वतः करायला लागल्या, आणि ज्या पद्धतीनं करायला लागल्या ते आमच्या मराठवाड्याच्या लोकांना फार जवळचं वाटावं. मी शाळेत असताना आमच्याकडं भारनियमन कडक होतं. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये लाइट गेली की आधी सगळे यूपीएस एकदम ओरडायचे आणि दहा मिनिटांनी सगळे पीसी एकदम गप्प व्हायचे. त्या क्षणी प्रत्येक डिस्कच्या आत काय होत होतं? वीज गेलेली, पण तबकड्या अजून गरागरा फिरतायत. मग ज्या मोटरनं त्यांना फिरवलं तीच मोटर उलटी जनरेटर बनते, आणि त्या फिरत्या तबकड्यांच्या जोरावर तयार झालेल्या चिमूटभर विजेवर हेड घरी परततात. लाइट गेल्यावर उरल्यासुरल्या जोरावर आवरून घ्यायचं. हे मला कळलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसता बसून होतो.

१९८६ च्या सुमारास आयडीई डिस्क आल्या आणि कंट्रोलर कार्ड डिस्कच्याच पोटात गेलं. इथून हेड माणसाच्या हातातून सुटलं. बायोसमध्ये १६ हेड दिसायची, आत असायची चार. तो आकडा जुन्या प्रोग्रामची समजूत काढण्यापुरता उरला. खरी हेड किती आणि कोणती, हे आतल्या फर्मवेअरलाच माहीत. पुढं तर नुसते ब्लॉकचे क्रमांक राहिले: शून्यापासून काही अब्जापर्यंत, सरळ एका रांगेत. आम्ही सॉफ्टवेअरवाले याच रांगेवर वाढलो. माझ्या डोक्यात डिस्क म्हणजे एक लांबच लांब पट्टी होती.

त्याच काळात हेड नाजूक होत गेलं. आधी एकच गुंडाळी लिहायची आणि वाचायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वाचायचा भाग वेगळा झाला, चुंबकीय क्षेत्रात विद्युतरोध बदलणाऱ्या पातळ थराचा. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना स्वतंत्रपणे असे थर सापडले की ज्यांच्यात हा बदल कितीतरी पट मोठा होता. १९९७ पर्यंत ते आयबीएमच्या विकाऊ डिस्कमध्ये आले, आणि २००७ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज स्वस्तात हजारो फोटो साठवता येतात त्यात या शोधाचा मोठा वाटा आहे. पण या थरांची जाडी नॅनोमीटरमध्ये. जराशी स्थिर वीज, जरासा ताप, एखादा घासा, की वाचणारा भाग जातो. लिहिणारा शेजारी कधी कधी धडधाकट राहतो. हेड तरंगतंय, लिहू शकतंय, पण त्याला दिसत नाही.

आता ज्या युक्तीनं मामाचे फोटो परत आले ती डेटा वाचवण्यासाठी शोधलेलीच नव्हती. ती कंपन्यांच्या हिशेबातून आली. समजा चार हेडची डिस्क बनवली आणि तपासणीत एक हेड किंवा एक पृष्ठभाग नापास झाला. फेकायची? नाही. ते हेड बंद करायचं आणि डिस्क कमी क्षमतेची म्हणून विकायची. काही डिस्कमध्ये तीन हेड असतात. तबकडीला बाजू दोन, मग तीन कशी? त्याचं हे एक कारण. त्यासाठी फर्मवेअरमध्ये एक छोटा नकाशा असतो, कोणतं हेड हजर, कोणतं गैरहजर. वर्गशिक्षकाची हजेरी समजा. डिस्क सुरू झाली की हजेरी घेते, आणि ज्याचं नाव यादीत आहे त्यानं ओ दिलीच पाहिजे. नाही दिली तर ती परत परत विचारत बसते, फणी मागं नेऊन आपटते, परत पुढं येते. टक्. टक्. तीन मुलं वर्गात बसलेली असताना चौथा का येत नाही म्हणून शाळाच भरत नाही.

हा नकाशा बदलायचं हत्यार बाहेरच्या लोकांच्या हाती आलं ते मुख्यतः रशियातून. रोस्तोव-ऑन-डॉनच्या एस लॅबोरेटरीनं १९९० च्या दशकात पीसी-३००० नावाची यंत्रणा आणली. सुरुवातीला ती डिस्क दुरुस्त करून परत वापरात आणण्यासाठी होती. तिथं तेव्हा डिस्क महाग, फेकणं परवडायचं नाही. मोडलेलं परत चालू करायची गरज कुठून येते हे बीडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुढं डिस्क स्वस्त झाल्या आणि त्यांच्यावरचा डेटा महाग झाला, तेव्हा तेच हत्यार डेटा काढणाऱ्यांचं झालं.

आता केजमध्ये परत येऊ. रात्री साडेअकरा. मी लॅपटॉपला डिस्क जोडली. डिस्क दिसत होती, पण मधूनमधून अडकत होती. मी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. चांगला प्रोग्राम आहे, दोष त्याचा नाही. मी त्याला सांगितलं, सगळी डिस्क कॉपी कर, जे वाचता येत नाही ते परत परत प्रयत्न करून वाच. आणि झोपलो. माझ्या डोक्यात ती सरळ पट्टी होती ना. मला वाटलं, पट्टीवर काही खराब ठिपके आहेत, घासून घासून वाचले की निघतील. प्रत्यक्षात चारपैकी एक हेड अधू झालं होतं, आणि मी रात्रभर त्यालाच पुन्हा पुन्हा कामाला जुंपत होतो. सकाळी प्रोग्राम थांबलेला होता. डिस्क आता बायोसलाही दिसत नव्हती. नुसतं टक्, टक्. त्या १३११ च्या ऑपरेटरला मी हसलो होतो.

मामा काही बोलला नाही. "पुण्याला घिऊन जा," एवढंच म्हणला.

पुण्यातल्या ज्या छोट्या लॅबमध्ये गेलो तिथला मुलगा माझ्याच वयाचा होता. त्यानं स्वच्छ हवेच्या कपाटात डिस्कचं झाकण काढलं, उजेडात तबकड्या तिरक्या करून बघितल्या. ओरखडा नव्हता. हे फार महत्त्वाचं, कारण फर्मवेअरमध्ये हेड बंद केलं तरी ते जागेवरून हलत नाही. सगळी एकाच फणीवर. वाकलेलं, घासणारं हेड कागदावर बंद केलं तरी तबकडी खरवडतच राहणार, ते प्रत्यक्ष काढावंच लागतं. आमचं हेड तरंगत होतं, फक्त आंधळं झालं होतं. त्यानं सर्किट बोर्डावरच्या चिपमधून नकाशा वाचला. स्क्रीनवर चार आकडे: ०, १, २, ३. हेड नंबर दोन गेलं होतं. बरोबर मधलं.

त्यानं दोनच्या जागी एक लिहिलं: ०, १, १, ३. म्हणजे हजेरीत दोनचं नाव पुकारलं की एकनंच दुसऱ्यांदा ओ द्यायची. कॉलेजात आम्ही सगळ्यांनी केलेला प्रकार. हे त्यानं डिस्कवर कायमचं लिहिलं नाही, फक्त डिस्कच्या चालू स्मृतीत भरलं. वीज गेली की पुसणार. डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरच्या नोंदी तबकडीवरच असतात, आणि बहुधा त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या पृष्ठभागांवर ठेवलेल्या असतात. त्यातली निदान एक तरी दिसणाऱ्या हेडखाली असली तर गाडी सुरू होते. आमची होती. डिस्क फिरली, घरघर झाली, आणि टक् आलाच नाही.

मी विचारलं, "म्हणजे पाऊण डेटा मिळाला?" तो म्हणाला, "पाऊण जागा मिळाली. डेटाचं बघू."

हा फरक समजावून सांगायला मी तुम्हाला अंबाजोगाईला घेऊन जातो, केजपासून जवळच आहे. तिथं दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे संतकवी, त्यांनी साधारण ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. चारशे वर्षांचं कापड, जीर्ण झालेलं. अशा एकाच पासोडीचा तुकडा फाटला तर काय जातं? त्या तुकड्यावरच्या सलग ओव्या. पुढच्या-मागच्या शाबूत. आता कल्पना करा, लिहिणाऱ्यापुढं चार पासोड्या शेजारी शेजारी पसरल्यात. तो पहिलीवर हातभर लिहितो, मग दुसरीवर हातभर, मग तिसरीवर, चौथीवर, आणि परत पहिलीवर खाली येतो. असं शेवटपर्यंत. आणि मग तिसरी पासोडी अख्खी कसरीनं खाल्ली. आता ग्रंथाचा चौथा हिस्सा गेला, पण सलग नाही. प्रत्येक तीन हातांनंतर एक हात गायब, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

डिस्क असंच लिहिते. हा 'हात' डिस्कच्या जातीप्रमाणं काही दहा एमबीपासून काहीशे एमबीपर्यंत असतो. हिशेबाला १०० एमबी धरा. मामाचा एक फोटो ५-६ एमबीचा. म्हणजे एका हातात सतरा-अठरा फोटो आरामात बसतात. ते एक तर पूर्ण मिळतात नाही तर पूर्ण जातात, फक्त काठावरचा एखादा चिरतो. पण लग्नाचा व्हिडिओ ४ जीबीचा. म्हणजे ४० हात, त्यातले १० गायब. एकही मोठा व्हिडिओ धड निघाला नाही. मामाच्या धंद्यात पैसे व्हिडिओचे जास्त, जीव फोटोंमध्ये जास्त. नशिबानं बाजू फोटोंची घेतली. शिवाय फायलींची नावं आणि फोल्डर ज्या कोष्टकात असतात त्याचाही एक तुकडा हेड दोनखाली गेला होता, त्यामुळं हजारो फोटो बिननावाचे आले. नुसते क्रमांक. फोटोच्या सुरुवातीच्या ठराविक बाइट ओळखून ते शोधावे लागतात, आणि मग माणसानं बघून सांगायचं की हे कुणाचं लग्न. मामा दोन आठवडे रोज रात्री ते करत बसला. "ही तर सारणीची पोर," "हा मांडव आपल्या शेजारचा." नवरदेवापेक्षा मांडवाच्या झालरीवरून तो लग्न जास्त ओळखतो.

इथं एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो, मला ती फार गंमतशीर वाटते. हल्ली मोठ्या डेटा सेंटरच्या डिस्कमध्ये १० तबकड्या, २० हेड असतात, २२ टीबीच्या. तिथं एक हेड गेलं म्हणून अख्खी डिस्क फेकणं वेडेपणा. म्हणून आता डिस्कच्या प्रमाणित आज्ञांमध्येच अशी आज्ञा आली आहे: कोणतं हेड अधू आहे ते सांग, आणि ते वगळून लहान हो. तिचं नाव रिमूव्ह एलिमेंट अँड ट्रंकेट. जे आपण एसटी-२२५ ला आकडा कमी सांगून करत होतो ते चाळीस वर्षांनी राजमार्गानं परत आलं. फरक एवढाच की तिथं डिस्कवरचा डेटा गेला तरी चालतो, त्याच्या प्रती दुसरीकडं असतात. त्यांना डिस्क हवी, डेटा नसला तरी चालेल. आम्हाला डेटा हवा होता, डिस्क गेली तरी चालली असती. हजेरीच्या त्याच यादीत तोच एक आकडा बदलायचा, पण हेतू अगदी उलटे.

लॅबवाल्यानं शेवटी दुसरा पर्याय सांगितला. तशाच जातीची, तशाच बनावटीची दुसरी डिस्क मिळवायची, तिची हेडांची फणी काढून आपल्या डिस्कमध्ये बसवायची. तबकडीवर ओरखडा नाही, म्हणजे हेड दोनखालचं सगळं अजून जसंच्या तसं आहे, फक्त बघणारा नाही. पण जुळणारी डिस्क मिळेलच असं नाही, बसवली तरी वाचेलच असं नाही, आणि खर्च तीस हजार. मी विचारलं, त्या रात्री मी घासत बसलो नसतो तर? तो म्हणाला, आदल्या दिवशी आणली असती तर आधी तीन चांगली हेड वाचून घेतली असती आणि सगळ्यात शेवटी दोन नंबरकडून जमेल तेवढं काढलं असतं. थोडं तरी आलं असतं. त्यानं हे चिडून सांगितलं नाही. रोज कुणाला तरी सांगत असणार.

मामाला फोन केला. तीस हजार ऐकून तो म्हणाला, "तेवढ्यात जुना कॅमेरा येतो रं." मी देतो म्हणलं, तर तो नको म्हणला.

ताईच्या लग्नाचे १४० फोटो मिळाले. हळदीचे जवळपास सगळे, वरातीचे थोडे. मंगलाष्टकांचा एकही नाही, तो अख्खा हात गेला. तिला हवा होता तो दोघं पाटावर शेजारी बसलेला फोटो, तो बरोबर काठावर सापडला. सुरुवात हेड एकखाली, शेवट हेड दोनखाली. जेपेग फोटो वरून खाली लिहिला जातो, त्यामुळं वरचा भाग आला: झालर, मुंडावळ्या, दोघांचे चेहरे, खांद्यापर्यंत. खाली राखाडी पट्टा. मामानं तो तेवढाच कापून घेतला, रंग सारखे केले, आणि बारा बाय अठराची फ्रेम करून दिली. पैसे घेतले नाहीत.

ती फ्रेम न्यायला आली तेव्हा मी दुकानात होतो. मामानं तिला कॉम्प्युटरवर मूळ फोटोही दाखवला, राखाडी पट्ट्यासकट. तिनं बोट लावून विचारलं, "ह्ये खालचं गेलं का?" मामा म्हणाला, "गेलं न्हाई. डिस्कमधी हाय. दिसत न्हाई फक्त."

"मग कवा दिसंल?"

मामानं माझ्याकडं बघितलं. मी तीस हजार म्हणालो नाही. म्हणलं, ताई, तशीच दुसरी डिस्क शोधतोय.

ते खोटं नाही. पुण्यात तपकीर गल्लीत मी दर महिन्याला एक चक्कर मारतो, जुन्या डिस्कच्या ढिगातून लेबलं वाचत. मॉडेल जुळतं तर बनावटीची तारीख जुळत नाही. मामाची डिस्क स्टुडिओच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, आणि पिशवीवर त्यानं स्केचपेननं लिहून ठेवलंय: हेड नं. २ बंद. लावू नये.